मदत हवी आहे: तुरीतली मर थांबेना

जालना जिल्हा, मध्यम काळी जमीन, 3 एकर, पूर्ण कोरडवाहू. सोयाबीन-तूर 4:2 पद्धतीने (4 ओळी सोयाबीन, 2 ओळी तूर) घेतो. तुरीला फुलोऱ्यात मर (बुरशीचा रोग) लागते, झाडं उभी वाळतात. खोड चिरलं की आत काळपट रेघा. पाणी साचत नाही.

बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चोळून झालं, तुरीचा बीडीएन 711 वाण पेरून झालं, फरक थोडाच. रान बदलायला दुसरी जमीन नाही. सरकार डाळींत आत्मनिर्भर व्हा म्हणतंय, पण मर लागलेल्या रानात 2025-26 चा क्विंटलला 8000 रुपयांचा हमीभाव काय कामाचा होता?

ज्वारीच्या आंतरपिकाने मर कमी होते, असं वाचलंय. कोरडवाहूत सलग दोन-तीन वर्षं कोणी करून पाहिलंय का? ओळींचं प्रमाण किती ठेवलं, आणि सोबत गोदावरी वाण चालेल की बीएसएमआर 736?