फ्युचरिस्ट शिल्पात बॅले कुठे सापडेल?

चित्रवेडी
वर्गात 'बॅलेवरून सुचलेलं फ्युचरिस्ट शिल्प' यावर थोडं बोलायचंय (फ्युचरिझम म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, वेग आणि यंत्रांनी भारलेली इटालियन कलाचळवळ). शोधलं की दरवेळी शिल्पकार बोच्चोनीचा १९१३ चा तो ताडताड निघालेला माणूसच समोर येतो, इटलीच्या २० सेंटच्या नाण्यावरचा. पण तो नाचत नाहीये, चालतोय! दुसरं काही आहे का?

डिमरवाला
आहे, फक्त त्यात नर्तकच नाहीत. एप्रिल १९१७, रोमचं कोस्तान्झी थिएटर. रशियन निर्माता दियागिलेवच्या बॅले मंडळीने संगीतकार स्त्राविन्स्कीच्या 'आतषबाजी' या जेमतेम चार मिनिटांच्या रचनेसाठी फ्युचरिस्ट चित्रकार जाकोमो बाल्लाला बोलावलं. त्याने लाकडी सांगाड्यांवर कापड ताणून टोकदार आकार उभे केले, काहींच्या पोटात दिवे ठेवले. नाचला तो उजेड. दिव्यांची बटणं बाल्लाच्याच हातात होती. मी नाटकांची प्रकाशयोजना करतो. आज सगळे क्यू (दिवे कधी बदलायचे त्या खुणा) कॉम्प्युटरमध्ये भरलेले असतात, तरी ऑपरेटरचं बोट एका ठोक्याने मागे पडलं की प्रवेश लंगडा होतो. या माणसाने ते हाताने केलं, तेही स्त्राविन्स्कीवर!

विंगेतला
हे नेपथ्य झालं हो, शिल्प कसलं? त्यापेक्षा फ्युचरिस्ट कलाकार देपेरो सांगा. १९१८ मध्ये रोमलाच त्याने लेखक क्लावेलबरोबर लाकडी बाहुल्यांचे 'प्लास्टिक बॅले' (प्लास्टिक म्हणजे इथे घडीव आकारांचे) केले.

डिमरवाला
देपेरो घ्याच, बाहुल्या झकास आहेत. पण 'शिल्प कसलं' हे बोच्चोनीलाच विचारा. १९१२ च्या शिल्पकलेच्या जाहीरनाम्यात संगमरवर आणि ब्राँझची मक्तेदारी मोडताना त्याने काच, पुठ्ठा, सिमेंट, कातडं, कापड, आरसे असं काय काय चालेल ते लिहिलंय. त्या यादीत विजेचे दिवेही आहेत! स्वतः मात्र त्याने तो चालणारा माणूस प्लास्टरमध्येच घडवला. ब्राँझचे ओतीव नमुने त्याच्या मृत्यूनंतरचे. ऑगस्ट १९१६ मध्ये घोड्यावरून पडून तो गेला, बाल्लाचा प्रयोग त्याला बघायला मिळाला नाही. माझ्या मते त्याचा जाहीरनामा खरा पाळला तो बाल्लाने.

चित्रवेडी
पटलं. पण वर्गात दाखवू काय?

डिमरवाला
बाल्लाची रेखाटनं दाखवा. शिवाय पुठ्ठ्याचे दोन-तीन सुळके करून त्यांवर पातळ कापड ताणा, आत मोबाइलचा टॉर्च, त्यावर लाल-निळं जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद). खोलीत अंधार करा, स्त्राविन्स्कीची रचना लावा आणि टॉर्च स्वतः हाताळा. आधी तालीम मात्र करा, चार मिनिटं वाटतात तेवढी सोपी नाहीत.