वाफेच्या गाडीची खरी अडचण

बॉयलर (पाण्याची वाफ करणारी टाकी) तापायलाच अर्धा तास जातो, म्हणून वाफेवर चालणारी मोटारगाडी परत येणार नाही, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. स्टॅनली या अमेरिकी कंपनीच्या जुन्या वाफेच्या गाड्यांबद्दल ते ठीक आहे. पण १९२०च्या दशकातली डोबल ही अमेरिकी वाफेची गाडी किल्ली फिरवल्यावर मिनिटभरात निघायची! मोठ्या टाकीऐवजी नळीच्या वेटोळ्यात थोडंसंच पाणी तापवायचं, आणि वापरलेली वाफ थंड करून तेच पाणी पुन्हा फिरवायचं. खरी अडचण कार्यक्षमतेची आहे. बरीचशी उष्णता वाफ थंड करतानाच वाया जाते. म्हणूनच मला आशा वाटते ती बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये मांडलेल्या टर्बोस्टीमरसारख्या कल्पनेची. त्यात पेट्रोल इंजिनाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवरच वाफ करायची होती.