पडलेल्या यानाचा अहवाल कुणाचा?

सदाफुली

१८ मे २०२५ ला इस्रोचं पीएसएलव्ही-सी६१ हे उपग्रह नेणारं रॉकेट अपयशी ठरलं. तिसऱ्या टप्प्यात मोटरमधला दाब घसरला, एवढं इस्रोच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी सांगितलं. चौकशी समिती बसली, तिने अहवाल दिला, तो मात्र लोकांसमोर आला नाही. मग १२ जानेवारी २०२६ ला सी६२ उडालं आणि तेही तिसऱ्याच टप्प्याच्या शेवटी भरकटलं. सोबत १५ लहान उपग्रह गेले, त्यातले काही आपल्याच नवउद्योगांचे. दोन्हींचं कारण एकच होतं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला किंवा खोडायला बाहेरच्या माणसाच्या हाती काहीच नाही, आणि माझं दुखणं तेच आहे.

मी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना सॉफ्टवेअर शिकवते. दरवर्षी एक अख्खा तास एरियन-५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाला देते. ४ जून १९९६, साधारण ४० सेकंदांत सगळं संपलं. जुन्या एरियन-४ मधला कोड तसाच उचलला होता. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. गणितज्ञ जाक-लुई लियाँस यांच्या समितीने दीड महिन्यात अहवाल देऊन तो जगापुढे ठेवला. म्हणून तर आज पुण्यातला विशीतला मुलगा त्यावर वाद घालू शकतो. मुलं विचारतात, "मॅडम, आपल्याकडचं उदाहरण का नाही?" काय सांगू?

अपयशाचे अहवाल इस्रोने जाहीर करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

टर्नरकाका

ताई, मुलांबद्दलची तळमळ पोचली. पण अपयशाचा अहवाल हेच तंत्रज्ञान असतं, हे लक्षात घ्या.

१५ फेब्रुवारी १९९६. शिचांगच्या तळावरून चीनचं लाँग मार्च-३बी रॉकेट उडालं आणि काही सेकंदांत डोंगरावर आदळलं. वर अमेरिकेत बनलेला इंटेलसॅट-७०८ उपग्रह होता. विमा कंपन्या अडून बसल्या, म्हणून लोराल आणि ह्यूज या अमेरिकी कंपन्यांचे अभियंते असलेल्या समितीने चिनी चौकशी तपासून दिली. अहवाल चीनच्या हाती पडला आणि अमेरिकेत गदारोळ उठला: तुम्ही चीनला क्षेपणास्त्राचं मार्गदर्शन सुधारायला शिकवलंत! प्रकरण अमेरिकी संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं, लोरालला दंड भरावा लागला. "इथे चुकलंय, असं दुरुस्त करा" या दोन वाक्यांची किंमत एवढी असते.

आणि आपला बिघाड कशात आहे? घन इंधनाच्या मोटरमध्ये. १९८९ च्या अग्नी क्षेपणास्त्राच्या चाचणीत पहिला टप्पा आपल्या उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा, एसएलव्ही-३ चाच होता. सी६१ वरचा उपग्रहही रडारचा, ढगांतून आणि अंधारात बघणारा. असले अहवाल चव्हाट्यावर मांडायचे नसतात.

वाटसरू

काकांशी सहमत, कारण मात्र वेगळं आहे. जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. त्यात वैमानिकांमधल्या संभाषणाचा ओझरता उल्लेख होता. तेवढ्यावरून वाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी मेलेल्या माणसांवर खापर फोडलं. दोष ठरवणं हा अशा चौकशीचा हेतूच नसतो, पण ते ऐकतो कोण? उद्या मोटर तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव हुडकून काढतील. मग पुढच्या समितीसमोर कोण खरं बोलेल?

मृगनक्षत्र

तुमचा सगळा वाद कागदावर अडलाय. अमेरिकेचं अवकाशयान चॅलेंजर १९८६ मध्ये फुटलं. गोठणाऱ्या थंडीत रबरी कडी नीट बसणार नाही, हे बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाने सगळं उघड केलं. आणि १७ वर्षांनी? तशाच कोलंबिया यानाच्या डाव्या पंखावर फोमचा तुकडा आदळला. अभियंत्यांनी पंखाचे फोटो मागितले, वरच्यांनी ती मागणी पुढे जाऊच दिली नाही. कल्पना चावलांसह सात जण परत आले नाहीत. चौकशी मंडळाने फोमइतकाच दोष संस्थेच्या वागण्याला दिला.

म्हणजे अहवाल जाहीर होऊनही संस्था शहाणी झाली नाही. उड्डाण थांबवायचा अधिकार असलेली बाहेरची माणसं हवीत. अहवाल छापा नाहीतर कपाटात ठेवा, अशी माणसं नसतील तर काही उपयोग नाही.

सदाफुली

मृगनक्षत्र, बाहेरची माणसं हवीत, मान्य. पण ती नेमा असं ठणकावून सांगायला आधी काय बिघडलं ते कळायला नको का? कोलंबियाचं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते छापलं गेलं.

काका, इंटेलसॅटचं उदाहरण मी विसरणार नाही. मोटरचे आराखडे कुणीच मागत नाहीये. पण इस्रोने हे आधी केलेलं आहे हो! २०२१ मध्ये त्यांचं जीएसएलव्ही-एफ१० रॉकेट गेलं, तेव्हा हायड्रोजनच्या टाकीवरची झडप गळून दाब कमी राहिला, हे त्यांनीच जाहीर केलं. चांद्रयान-२ बद्दल तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३ मध्ये सगळं उलगडून सांगितलं: पाच इंजिनांनी जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. कुठे बिघडलं देशाचं? उलट चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आपण नेमकं काय जिंकलो, ते शाळेतल्या पोरांनाही कळलं.

वाटसरू, नावं गाळा. नावांशिवाय अहवाल लिहिता येतो.

आणि आता इस्रोचं गगनयान आहे. त्यात माणसं बसणार आहेत.

टर्नरकाका

अवकाश खात्यासाठी भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी आयुष्य काढलं. वेल्डच्या एक्स-रेत एकदा बारीक सावली दिसली. भाग बाद करायचा तर महिनाभराची मेहनत पाण्यात. तपासणाऱ्या पोराने लाल शेरा मारला. साहेब तासभर त्याच्यासमोर उभे होते, पण त्याने शेरा खोडला नाही. आपलं नाव पेपरात येईल अशी भीती असती तर त्याने तो मारला असता का, हा वाटसरूंचा प्रश्न मला खरा वाटतो.

पण माणसं बसणार म्हटल्यावर माझं मन बदलतं. गगनयानाचा प्रत्येक बिघाड, नावं गाळून, जाहीर व्हावा. तिथे मी ताईंच्या बाजूने आहे. सी६१ चा अहवाल मागाल तर अजूनही नाहीच म्हणेन.

सदाफुली

काका, त्या पोराचा शेरा पुढे कुठे नोंदला गेला? ती नोंद त्याच्या जागी आलेल्या पुढच्या पोराला वाचायला मिळाली का?