भीती परकी नाही

‘भविष्यातल्या हुकूमशाहीवरचे हे थरारपट म्हणजे पाश्चात्त्यांची भीती, आपला काय संबंध?’ असं मत ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. पाळत ठेवणारं सरकार आणि यंत्रं यांच्याभोवतीच अशा सिनेमांची चर्चा फिरते, म्हणून तसं वाटत असेल. या सिनेमांतली जुनी आणि खोल भीती टंचाईची आहे. १९७३ चा ‘सॉयलेंट ग्रीन’ घ्या. कथा २०२२ सालच्या न्यूयॉर्कची, शहरात ४ कोटी माणसं, जीवघेणा उकाडा, आणि स्ट्रॉबेरीची एक बरणी १५० डॉलरला! शेवटच्या रहस्यापेक्षा मला त्या बरणीनं जास्त हादरवलं.

कारण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात अशी टंचाई आम्ही थोडीफार भोगलीय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. तेव्हा पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, म्हणून पेट्रोल नाही, भाजी नाही. शहराला पुराचा वेढा, पण पाणी उचलणारी उपसा केंद्रं बुडाल्यामुळं घरातला नळ मात्र कोरडा. आमच्या गल्लीत टँकर आला की घागरी, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा रांगेत लागायची. पण असल्या सिनेमांत टंचाई आली की माणसं लगेच एकमेकांच्या जिवावर उठतात, तसं इथं झालं नाही. तालमींची पोरं छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना बाहेर काढत होती, मंडळांनी चुली पेटवल्या होत्या. ही बाजू घेऊन कुणीतरी मराठीत असा सिनेमा करावा, असं मला मनापासून वाटतं.