‘पीएफओएमुक्त’ तवा आणि घरातले पक्षी

‘पीएफओएमुक्त’ असा शिक्का असलेला नॉनस्टिक तवा पक्ष्यांच्या घरात निर्धास्तपणे वापरावा, असे काही जण सुचवतात. ते मला मुळीच मान्य नाही. पीएफओए हे तव्यावरचा नॉनस्टिक लेप तयार करताना पूर्वी वापरले जाणारे रसायन होते. पक्ष्यांचा जीव घेणारा वायू पीटीएफई या लेपातूनच, तो साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापू लागल्यावर सुटतो, आणि मोठ्या आचेवरचा रिकामा तवा काही मिनिटांतच तेथवर पोहोचतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून, त्यांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे, श्वास घेताना आणि सोडतानाही ताजी हवा वाहत असते, म्हणून आपल्याला जेमतेम जाणवणारा हा वायू त्यांना फार लवकर भिनतो.

आमच्या इंदूरच्या घरी थंडीमुळे खिडक्या बंद होत्या, धिरड्यांसाठी गॅसवर ठेवलेला तवा मी फोनवर बोलताना विसरले आणि बाहेरच्या खोलीतल्या दोन्ही बजी (पाळीव छोटे पोपट) अर्ध्या तासात मरण पावल्या. धूर नव्हता, काही करपलेही नव्हते. त्यानंतर आमच्याकडे बिडाचाच तवा आहे. इस्त्रीचा तळ आणि एअर फ्रायरची टोपली यांवरही हाच लेप असू शकतो, तेही कृपया तपासून घ्यावे.