मदत हवी आहे: दोन यूएसबी-सिरीयल केबल एकदम लावल्या की ईसीयू ऑफलाइन, वर कर्सर आपोआप पळतो

कार्बवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन आठवडे डोकं आपटून झालं, आता तुम्हालाच विचारतो.

जुनी कार्ब्युरेटरची गाडी इंजेक्शनवर आणली आहे. ईसीयू (इंजिन चालवणारा कंप्युटर) मेगास्क्विर्ट-२, बोर्ड ३.०, लॅपटॉपवर त्याचं ट्यूनिंग सॉफ्टवेअर ट्यूनरस्टुडिओ. एक्झॉस्टला हवा-इंधनाचं प्रमाण कळावं म्हणून वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आहे, त्याचा कंट्रोलर वेगळा आणि लॉगर सॉफ्टवेअरही वेगळं. दोन्ही डबे सिरीयलवर बोलतात आणि लॅपटॉपला सिरीयल पोर्ट नाही, म्हणून दोन यूएसबी-सिरीयल केबल.

जुन्या लॅपटॉपवर हे सगळं कुरकुर न करता चालायचं. तो गेला, विंडोज ११ चा नवा आला, आणि तेव्हापासून रोज नवं नाटक.

ईसीयूची केबल पीएल२३०३ चिपची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १०, आणि नावाच्या जागी चक्क 'ही चिप २०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क करा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. जुना ड्रायव्हर शोधून बसवला, चालली. दुसऱ्या दिवशी परत त्रिकोण. असं तीनदा झालं. वैतागून सीएच३४० ची केबल आणली. ती एकटी लावली तर ट्यूनरस्टुडिओ ११५२०० च्या वेगाने लगेच कनेक्ट होतो. वाइडबँडची केबल एफटी२३२आर ची, तीही एकटी असताना ठीक.

दोन्ही एकदम लावल्या की कधी ईसीयू ऑफलाइन, कधी पोर्टच उघडत नाही. पोर्टचे नंबरही बदलतात, काल कॉम ५ होता तो आज कॉम ११. आणि परवा तर कहर झाला. इग्निशन ऑन, इंजिन बंद, मी फ्युएल टेबल (किती इंधन सोडायचं तो तक्ता) बघत बसलोय आणि कर्सर आपोआप पळायला लागला. कोपऱ्यात गेला, राइट-क्लिकचा मेनू उघडला, परत खाली आला. टचपॅडवरून दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले तरी चालूच. टेबलातले दोन-चार कप्पे निवडले गेलेले दिसले तेव्हा मी यूएसबीच उपटली. इंजिन चालू असताना हे झालं असतं तर काय, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

भरीला, इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास गेलं की केबल एकटी असली तरी कनेक्शन तुटतं.

माझा अंदाज असा की तीन चिपांचे तीन ड्रायव्हर आपसांत भांडताहेत. सगळे मुळापासून कसे उपटायचे? विंडोज नव्याने टाकायचीही तयारी आहे.

चोक

विंडोज कशाला, लिनक्स टाका. या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, काही बसवावं लागत नाही. सुटलात.

नटबोल्ट

@चोक, इतकं सरळ नाही हो. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० लावून बघा. अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी ब्रेलटीटीवाय नावाची सेवा असते, ती या चिपेला ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट बळकावते. ती काढेपर्यंत पोर्ट दिसतच नाही. म्हणजे तिकडेही दुखणं हेच, कुणीतरी भलतंच समजून पोर्ट धरून बसतं.

कार्बवाला, विंडोजला हात लावू नका. ड्रायव्हर भांडत नाहीयेत. प्रत्येक चिप लावल्या लावल्या आपला नंबर सांगते. एफटी२३२आर सांगते ०४०३ आणि ६००१, सीएच३४० सांगते १ए८६ आणि ७५२३. विंडोज त्या नंबरावरून ड्रायव्हर निवडते. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याच्या चिपेला लागायचं कारणच नाही. तुमच्याकडे तीन-चार वेगवेगळी दुखणी एकाच वेळी आली आहेत, म्हणून ते भांडण वाटतंय.

पीएल२३०३ चा विषय आधी संपवतो. या चिपेची एचएक्सए ही जात २०१२ ला बंद झाली आणि तिच्या नकला बाजारात भरपूर. त्यामुळे नवा ड्रायव्हर या जातीला उभंच करत नाही, असली असो वा नकली. जुना ड्रायव्हर यादीतून हाताने निवडला तर चालते, पण अपडेट आलं की नवा परत वर बसतो. तुमचं 'दुसऱ्या दिवशी त्रिकोण' ते हेच. ती केबल सोडून द्या, तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. (नकलांवरून आठवलं, २०१४ मध्ये एफटीडीआयच्या ड्रायव्हरने याहून पुढची मजल मारली होती. नकली चिप सापडली की तिचा प्रॉडक्ट आयडीच ०००० करून टाकायचा, मग ती कुठल्याच मशीनवर ओळखू यायची नाही. विंडोज अपडेटमधून तो लोकांच्या मशीनवर गेला, बोंबाबोंब झाली आणि मागे घेतला.)

आता कर्सर. हे ऐकून हसाल, पण विंडोजला तुमचा वाइडबँड माउस वाटला. पूर्वी माउस सिरीयल पोर्टला लागायचे. पोर्ट जागा झाला की माउस १२०० च्या वेगाने इंग्रजी एम हे अक्षर पाठवून 'मी माउस' असं सांगायचा. विंडोज अजूनही नवा सिरीयल पोर्ट दिसला की पलीकडे माउस आहे का ते ऐकून बघते. तुमचा कंट्रोलर इग्निशन ऑन झाल्यापासून न विचारता डेटा ओततोय. त्या धबधब्यात एखादा बाइट एमसारखा दिसला की झालं. डिव्हाइस मॅनेजर उघडून माउसच्या यादीत बघा, 'सिरीयल बॉलपॉइंट' नावाचा पाहुणा सापडेल.

त्याला अनइन्स्टॉल करू नका, परत येईल. डिसेबल करा. मग एफटी२३२आर च्या पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट सेटिंग्ज, त्यात अॅडव्हान्स्ड, आणि 'सिरीयल एन्युमरेटर' पुढची खूण काढा. ऐकून बघण्याचं काम त्याच खुणेवर चालतं. तेवढं होईपर्यंत आधी यूएसबी लावा, मग चावी फिरवा.

नंबर बदलण्याचं कारणही चिपेतच आहे. एफटी२३२आर ला स्वतःचा सिरीयल नंबर असतो, त्यामुळे कुठल्याही सॉकेटला लावा, कॉम नंबर तोच. सीएच३४० ला तो नसतो, म्हणून विंडोज सॉकेटवरून ओळख ठेवते. सॉकेट बदललं की नवा नंबर, जुना मात्र अडकलेलाच. 'हिडन डिव्हाइसेस' दाखवायला सांगा, फिकट रंगात सगळी भुतं दिसतील. ती अनइन्स्टॉल करा आणि प्रत्येक केबलला एक सॉकेट कायमचं नेमून द्या.

एवढं करून ईसीयू ऑफलाइन राहतोच का ते सांगा. आणि हो, दोन्ही केबल असताना आधी कुठलं सॉफ्टवेअर उघडता?

कार्बवाला (धागाकर्ता)

पाहुणा सापडला! अगदी त्याच नावाने बसला होता. डिसेबल केला, खूणही काढली. चावी ऑन-ऑफ दहा वेळा केली, कर्सर जागचा हलला नाही. भुतं नऊ निघाली.

ऑफलाइन मात्र अजून होतंय. आधी लॉगर उघडतो, मग ट्यूनरस्टुडिओ. लॉगर आधी गरम व्हायला... म्हणजे सेन्सर गरम व्हायला वेळ लागतो म्हणून.

नटबोल्ट

उलटं करा. आधी ट्यूनरस्टुडिओ, तो कनेक्ट झाला की लॉगर.

बरेचसे लॉगर उघडल्या उघडल्या दिसेल तो प्रत्येक पोर्ट उघडून आपला कंट्रोलर कुठे आहे ते शोधतात. विंडोजमध्ये एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे. तुमच्या लॉगरने ईसीयूचा पोर्ट उघडून धरून ठेवला असेल तर ट्यूनरस्टुडिओला 'अॅक्सेस डिनाइड' मिळणारच. भांडण असेल तर ते या दोन प्रोग्रॅमांचं. लॉगरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' असेल ते काढून एफटी२३२आर चा नंबर घाला.

अर्थिंग

३००० आरपीएमचं कुणी घेतलं नाही, मी घेतो. हा ड्रायव्हरचा विषयच नाही.

कनेक्शन तुटतं तेव्हा विंडोजचा तो यूएसबी काढल्याचा आवाज येतो का? आला तर यूएसबीच कोसळतेय. नाही आला आणि फक्त ट्यूनरस्टुडिओ ऑफलाइन झाला, तर यूएसबी जागेवर आहे आणि पुढच्या सिरीयल वायरवर बाइट बिघडताहेत. या एका गोष्टीवरून शोध अर्धा होतो. नेमकं बघून सांगा, अंदाजाने नको. चार्जर लावलेला असताना आणि नसताना, दोन्ही वेळा बघा.

आणि बॉनेट उघडून स्पार्क प्लगवरचा नंबर वाचा. कार्बच्या जमान्यातल्या गाडीत बऱ्याचदा बिनरेझिस्टरचे प्लग असतात. कार्ब्युरेटरला काय फरक पडणार, पण ईसीयू आणि यूएसबीला प्रत्येक ठिणगी म्हणजे कानाशी फटाका.

कार्बवाला (धागाकर्ता)

लॉगरचा 'ऑटो' काढला. आता कुठल्याही क्रमाने उघडा, दोन्ही चालतात. नटबोल्ट, तुमचे पाय कुठे आहेत?

अर्थिंग, आवाज येतो. आधी तुटल्याचा, लगेच जोडल्याचा. चार्जर काढला तर ३००० ऐवजी ४००० ला येतो, पण येतो. प्लगवर बीपी६ईएस असं लिहिलंय.

अर्थिंग

मग सापडलं. मध्ये आर नाही. बीपीआर६ईएस घ्या, तोच प्लग, तीच उष्णता, आत रेझिस्टर. प्लगच्या वायरीही नुसत्या तांब्याच्या असतील तर त्या बदलून कार्बनच्या किंवा गुंडाळलेल्या तारेच्या टाका. ईसीयूची वायर कॉइलच्या वायरींना समांतर नेली असेल तर तिथून हलवा. यूएसबीची केबल आखूड, लॅपटॉपच्या टोकाला फेराइटची गोळी (ठिणगीचा गोंगाट अडवायला). ट्यूनिंग करताना चार्जर काढलेलाच बरा, कारण चार्जरमधून आणि गाडीतून असा दोन बाजूंनी अर्थ (ग्राउंड) मिळाला की नको तो प्रवाह केबलमधून फिरतो.

पॉवर सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (रिकामी बसलेली यूएसबी झोपवणारी सोय) बंद करून ठेवा. तुमचा दोष तो नाही, पण ईसीयू ऑफलाइन झाला की लोक तिथेही शोधत बसतात.

रात्रपाळी

उशिरा येतोय. सगळं वाचलं, सगळं बरोबर आहे, पण एक विचारू का? दुसरी केबल हवीच कशाला?

वाइडबँड कंट्रोलरला ० ते ५ व्होल्टचं अॅनालॉग आउटपुट असतं. ती एक वायर ईसीयूच्या ऑक्सिजन सेन्सरच्या इनपुटला द्या. ट्यूनरस्टुडिओत एएफआर (हवा-इंधन प्रमाण) टेबल कॅलिब्रेट करताना कंट्रोलरच्या माहितीपत्रकातली पट्टी घाला, म्हणजे किती व्होल्टला किती एएफआर ते. एक प्रचलित पट्टी ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ अशी आहे, तुमची कुठली ते बघून घ्या. मग आरपीएम, मॅप (मॅनिफोल्डमधला दाब) आणि एएफआर एकाच लॉगमध्ये, एकाच घड्याळावर. दोन सॉफ्टवेअरचे दोन लॉग जुळवत बसायचं कामच संपलं. लॉगर फक्त सेन्सर कॅलिब्रेट करण्यापुरता उघडा.

अर्थ मात्र सांभाळा. वरच्या पट्टीत एक व्होल्ट म्हणजे जवळपास ३ एएफआर. कंट्रोलर आणि ईसीयूच्या अर्थमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला तर ०.३ ने चुकाल. सेन्सरचा हीटर बराच करंट ओढतो, त्यामुळे त्याची अर्थ वायर लांबून आणली की हे हमखास होतं.

चोक

+१. आणि लिनक्सचा सल्ला मागे घेतो.

कार्बवाला (धागाकर्ता)

शेवटचं अपडेट. प्लग बदलले, वायरी बदलल्या, चार्जर काढलेला. ५००० पर्यंत नेलं, विंडोजने तोंड उघडलं नाही.

अॅनालॉग वायरही ओढली. माझ्या कंट्रोलरची पट्टी नेमकी तीच निघाली. पहिल्याच दिवशी रात्रपाळींनी सांगितलेलं समोर आलं. आयडलिंगला कंट्रोलरच्या डिस्प्लेवर १४.२ आणि ट्यूनरस्टुडिओत १४.५. मल्टीमीटरचं एक टोक कंट्रोलरच्या अर्थला, दुसरं ईसीयूच्या अर्थला लावलं तर ०.०९ आणि ०.१० मध्ये आकडा नाचत होता. कंट्रोलरची अर्थ मी डॅशबोर्डखालच्या एका स्क्रूला दिली होती. तिथून काढून इंजिन ब्लॉकवर, ईसीयूची अर्थ जिथे आहे त्याच बोल्टला नेली. आता दोन्हीकडे १४.२.

सीएच३४० डाव्या सॉकेटला, त्यावर पिवळी टेप चिकटवली आहे. एफटी२३२आर पिशवीत. शीर्षकात 'सुटलं' असं घालतो. आयडलिंगला आरपीएम वर-खाली झोके घेतो, त्याचा वेगळा धागा काढतो.