हायलक्स देऊन रेंजर रॅप्टर घ्यावी का?

कच्ची_वाट

माझ्याकडे टोयोटाची हायलक्स आहे. २०२० च्या सुधारणेनंतरचे हे डबल कॅब (चार दारांचे, मागे उघडा हौदा असलेले) मॉडेल असून त्यात २.८ लिटर डिझेल इंजिन (२०४ पीएस, ५०० न्यूटन-मीटर) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. पुढे पोलादी बंपर व विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), मागे हौद्यावर कॅनोपी (बंद टप) आणि आत खणांची चौकट एवढी भर मी घातली आहे. कामाच्या दिवसांत हौद्यात भूमापनाची उपकरणे असतात. सुट्टीत तीच गाडी घेऊन आम्ही चौघे वाळूच्या आणि खडकाळ वाटांवर मुक्कामाला जातो, आणि क्वचित मागे छोटा ट्रेलरही जोडलेला असतो.

गाडीने मला कधी अडवलेले नाही. तक्रार आहे ती तिच्या चालीबद्दल. वाहनांच्या वर्दळीने पन्हाळी पत्र्यासारख्या झालेल्या कच्च्या रस्त्यावर, विशेषतः हौदा हलका असताना, वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकत जातो. असा रस्ता लांबला, की काही वेळाने शॉकॲब्सॉर्बर मऊ पडल्यासारखे वाटतात आणि खड्ड्यांत धक्के थेट बसू लागतात. अशाच रस्त्यावर परिचितांची फोर्ड रेंजर रॅप्टर (३.० लिटर व्ही-६ पेट्रोल) चालवण्याचा योग आला आणि तेव्हापासून मन चलबिचल झाले आहे. तिला पुढे व मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक (एका ॲक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी सोय) आहेत. माझ्या गाडीला फक्त मागे आहे. ही अदलाबदल म्हणजे खरोखर वरची पायरी ठरेल, की मी केवळ वेगळ्या कामाची गाडी घेऊन बसेन, याबद्दल दोन्ही गाड्या जवळून ओळखणाऱ्यांचे मत हवे आहे.

जुना_चालक

आपण चालीबद्दल सविस्तर लिहिले आहे, परंतु भाराबद्दल एकही आकडा दिलेला नाही, आणि या दोन गाड्यांमधला मोठा फरक नेमका तिथेच आहे. हायलक्सचे मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) सुमारे टनभर ओझे धरून बसवलेले असतात. डबल कॅबमध्ये, प्रकारानुसार, प्रत्यक्ष भारक्षमता ९०० ते १,००० किलोच्या घरात येते. रॅप्टरला मागे पाटे नाहीतच. तिथे कॉइल स्प्रिंग आणि वॉट्स लिंकेज (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी दांड्यांची जोडणी) आहे, सारी रचना चाकाला जास्तीत जास्त वर-खाली हालचाल मिळावी या हेतूने केलेली आहे, आणि त्याची किंमत भारक्षमतेतून वसूल झालेली आहे. ती सुमारे ७०० किलो आहे, काही बाजारांत त्याहूनही कमी. ओढण्याचेही तसेच आहे. साधी रेंजर ब्रेकयुक्त ट्रेलर ३,५०० किलोपर्यंत ओढू शकते, तर रॅप्टरची मर्यादा २,५०० किलो आहे.

आता आपल्या गाडीचा अंदाज मांडू. चार माणसे आणि त्यांचे सामान ३२० किलो, बंपर व विंच मिळून १००, कॅनोपी ९०, खणांची चौकट ६०, भरलेला फ्रिज ४०, पाणी ६०, दोर, फावडी, वाळूच्या पट्ट्या आणि हत्यारे मिळून ५०. हे ७२० किलो झाले, आणि यात तंबू धरलेला नाही. ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो आणि तोही गाडीच्याच भारात मोजला जातो. लोक हे हमखास विसरतात. एवढा भार हायलक्स निमूटपणे वाहून नेते, पण रॅप्टर त्याच भाराखाली कागदोपत्री मर्यादेबाहेर जाते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या चालीसाठी आपण ती घेणार, ती चालच उरत नाही, कारण स्प्रिंग आधीच दबलेली असते आणि चाकाला वर सरकायला जागा राहत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी संपूर्ण तयारीनिशी, घरच्या मंडळींसह आणि टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

मोकळे_रान

वरील हिशेब बिनचूक आहे, तरीही मी विरुद्ध बाजूने लिहितो. हायलक्सवर कितीही खर्च केला तरी ती रॅप्टर होत नाही, कारण प्रश्नकर्त्यांना जे आवडले आहे ते बाहेरून बसवण्यासारखे नाही.

पन्हाळी रस्त्यावर शॉकॲब्सॉर्बर मऊ पडतो, कारण आतला दट्ट्या सतत वर-खाली होत राहिल्याने तेल तापून पातळ होते आणि साध्या रचनेत त्यात वायूचे बुडबुडेही मिसळतात. मग दट्ट्याला विरोधच उरत नाही. रॅप्टरमध्ये फॉक्स कंपनीचे अडीच इंच व्यासाचे शॉकॲब्सॉर्बर आहेत. त्यांत तेल अधिक मावते, मागच्या जोडीला तेलाची वेगळी टाकी असल्याने उष्णता बाहेर पडायला वाव मिळतो, आणि इंटर्नल बायपास रचनेमुळे दांडा तळाला येऊ लागतो तसतसा विरोध वाढत जातो. त्यावर लाइव्ह व्हॉल्व्ह ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, सेन्सरकडून येणाऱ्या माहितीनुसार, हा विरोध क्षणोक्षणी कमी-जास्त करते. खड्डा अंगावर येतो, आपण दात आवळून बसतो, आणि गाडी तो गिळून पुढे गेलेली असते.

याखेरीज, हायलक्सची फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम पद्धतीची असल्याने कोरड्या डांबरावर ती चालू ठेवता येत नाही. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वळणावर वेगवेगळा वेग लागतो आणि मध्ये तो फरक सोसणारे काही नसल्याने सगळा ताण गिअर व शाफ्टवर येतो. रॅप्टरमध्ये ४ए (गरजेनुसार पुढच्या चाकांना आपोआप ताकद देणारी फोर-व्हील ड्राइव्ह) हा पर्याय आहे. डांबर, खडी, चिखल, पुन्हा डांबर अशा मिश्र रस्त्यावर तो चालू ठेवून विसरून जाता येते. पाण्यातून जाण्याची मर्यादाही ८५० मिलिमीटर आहे, हायलक्सची ७०० आहे. पुढच्या लॉकबद्दल मात्र फार हरखून जाऊ नये. चढावर वजन मागे सरकलेले असताना आणि पुढचे एक चाक अधांतरी असताना तो उपयोगी पडतोच, पण तो लावल्यावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळ जायचा हट्ट धरते, त्यामुळे त्याची गरज वाटते त्यापेक्षा कमी वेळा पडते.

माझा सल्ला असा, की कामाचे ओझे दुसऱ्या वाहनात हलवणे शक्य असेल तर रॅप्टर घ्यावी आणि ती आहे तशीच ठेवावी. तिच्यावर पोलादी बंपर, कॅनोपी आणि छतावरचा तंबू चढवायचा असेल, तर ती घेण्यात मलाही अर्थ दिसत नाही.

नटबोल्ट

गाडी बदलण्याआधी एक मधला मार्ग तपासावा, कारण वर्णन केलेल्या दोन्ही तक्रारींवर उपाय आहेत आणि त्यांपैकी पहिल्याला काहीही खर्च नाही.

पन्हाळी रस्त्यावर हवा किती ठेवता, ते आपण लिहिलेले नाही. डांबरावरची ३६ पीएसआय हवा तशीच ठेवून अशा रस्त्यावर उतरल्यास टायर स्वतः काहीच सोसत नाही. रिकाम्या हौद्याखालचे कडक पाटे चाक जमिनीवरून उडवतात, चाक हवेत असताना पकड नसते आणि म्हणूनच वळणावर मागचा भाग सरकतो. हवा २६ च्या आसपास आणून वेगही त्याच मानाने कमी ठेवावा, आणि डांबर लागताच हवा पुन्हा भरावी. निम्मी तक्रार इथेच मिटते असा माझा अनुभव आहे, मात्र त्यासाठी कॉम्प्रेसर जवळ हवा आणि चारही चाकांपाशी वाकण्याची तयारी हवी.

त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर. जाड नळीचे, आतील वायू तरंगत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवणारे मोनोट्यूब प्रकारचे चार नग बसवले तर तेल फेसाळत नाही. त्याबरोबर पाट्यांचा संचही आपल्या नेहमीच्या भाराला जुळणारा घ्यावा. यातून रॅप्टरचा वेग मिळणार नाही, हे ‘मोकळे_रान’ यांचे म्हणणे मान्य आहे, पण प्रश्नकर्त्यांनी वेग मागितलेलाच नाही; त्यांना मागचा भाग जागेवर राहायला हवा आहे.

मोठ्या टायरचा मोह मात्र टाळावा. रॅप्टरवर २८५/७० आर१७ टायर येतात. आपल्याकडचे टायर २६५/६५ आर१७ असतील तर व्यासात सुमारे ५४ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे ॲक्सलखाली फक्त २७ मिलिमीटर जास्त जागा मिळते. त्या बदल्यात गिअरिंग सात टक्क्यांनी लांबते, स्पीडोमीटर तेवढाच कमी वेग दाखवू लागतो, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो की नाही, ते बघत बसावे लागते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही, ती म्हणजे रुंदी. हायलक्स १,८५५ मिलिमीटर रुंद आहे. रॅप्टर, आरसे न धरता, २,०२८. दोन झाडांमधून किंवा कड्याला लागून जाणाऱ्या वाटेवर हे १७ सेंटिमीटर फार असतात. इतरांच्या गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीतही रॅप्टरची दोन्ही चाके एकाच वेळी नीट बसत नाहीत. एक बाजू चाकोरीत आणि दुसरी काठावर, अशी ती कलून चालते. आपल्या वाटा कशा आहेत, ते आपणच जाणता.

हिशेबी

व्यवहाराबद्दल थोडेसे. अदलाबदलीत जुन्या गाडीचे मोल ठरवताना विंच, बंपर, कॅनोपी आणि खणांना जवळजवळ काहीही धरले जात नाही. त्या वस्तू काढून वेगळ्या विकाव्यात आणि मूळ बंपर जपून ठेवला असल्यास तो परत बसवावा. हायलक्सच्या मापाच्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळायला अडचण येत नाही. यांतली एकही मोठी वस्तू रॅप्टरवर बसणार नाही, हेही लक्षात घ्यावे.

इंधनाचे पाहता दोन्ही टाक्या ८० लिटरच्या आहेत. अधिकृत चाचणीत हायलक्सला १०० किलोमीटरला सुमारे ८ लिटर लागतात आणि व्ही-६ रॅप्टरला सुमारे ११.५. म्हणजे कागदावरच एका टाकीत हजार किलोमीटर विरुद्ध सातशे असा फरक आहे, आणि वाळूत दोन्ही आकडे झपाट्याने खाली येतात. पंप दूर असलेल्या भागात जात असाल, तर वरचे पेट्रोल कॅनमधून न्यावे लागेल आणि त्याचे वजन पुन्हा त्याच ७०० किलोंत मोजावे लागेल. शिवाय फॉक्सचे शॉकॲब्सॉर्बर ठरावीक काळाने उघडून तेल व सील बदलून घ्यावे लागतात. ते काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचे नव्हे.

कच्ची_वाट

सर्वांचे आभार. ‘जुना_चालक’ यांच्या सांगण्यावरून गाडी पूर्ण तयारीनिशी काट्यावर नेली. ट्रेलर न जोडता एकूण वजन २,९४० किलो भरले. माझ्या गाडीची कमाल मर्यादा ३,०५० आहे. म्हणजे मूळ गाडीवर मी ८३० किलोंच्या आसपास चढवलेले आहे आणि ट्रेलर जोडल्यावर शिल्लक जवळपास संपते. हाच संसार रॅप्टरवर मांडला तर शंभराहून अधिक किलोंनी मर्यादा ओलांडली जाईल. कामाचे ओझे हलवायला दुसरे वाहन माझ्याकडे नाही, त्यामुळे ‘मोकळे_रान’ यांनी घातलेली अट मला पाळता येणार नाही आणि तूर्त अदलाबदल रद्द केली आहे. रॅप्टर आवडली नाही असे मात्र कोणी समजू नये.

हवा कमी करून त्याच रस्त्यावर जाऊन आलो. मागचा भाग पूर्वीइतका सरकत नाही. पण लांब पट्ट्यात शॉकॲब्सॉर्बर मऊ पडण्याची तक्रार कायम आहे, तेव्हा मोनोट्यूबचा संच घ्यायचे ठरवले आहे. पाटे कोणत्या भाराचे घ्यावेत? कामाच्या दिवशी हौद्यात जेमतेम दोनशे किलो असतात आणि सुट्टीत गाडी काठोकाठ भरते.

नटबोल्ट

पाटे विकणारे विचारतात, की सतत राहणारा भार किती. तिथे सुट्टीतला आकडा सांगू नये. कॅनोपी, खणांची चौकट आणि कामाची उपकरणे एवढेच वजन कायमचे धरावे, म्हणजे आपल्या बाबतीत साधारण साडेतीनशे किलो, आणि त्या भाराचा मधला संच घ्यावा. सुट्टीतल्या जादा ओझ्यासाठी ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या काही जण सुचवतील. पाट्यांच्या गाडीवर भरपूर भार आणि खडबडीत वाट असताना त्या चासीच्या एकाच बिंदूवर मार देतात, आणि डबल कॅबची चासी नेमकी त्याच भागात वाकल्याची उदाहरणे आहेत. त्यापेक्षा पाण्याच्या टाक्या आणि हत्यारे हौद्याच्या शेपटाकडे न ठेवता केबिनच्या पाठीला लागून ठेवावीत. मागच्या ॲक्सलच्या मागे लटकणारे वजन पुढचा ॲक्सल उचलते आणि मागच्यावर स्वतःच्या वजनाहून जास्त भार टाकते. विंच आणि पोलादी बंपर असल्याने पुढच्या कॉइल स्प्रिंगही त्याच वेळी शंभर किलो जादा भाराच्या घ्याव्यात, आणि काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट व हेडलाइटची उंची दोन्ही तपासून घ्यावे.